तो दिवा कोणी लावला होता?

कुणकेश्वरला गेलात तर देवळाच्या आवारात कोणी ना कोणी तुम्हाला व्यापाऱ्याची गोष्ट सांगतंच. फार जुन्या काळी एका परदेशी व्यापाऱ्याचं गलबत इथल्या समुद्रात तुफानात सापडलं. कोणी त्याला इराणी म्हणतं, कोणी अरब. काळोखात किनारा कुठे, खडक कुठे, काही कळेना. तेवढ्यात लांबवर एक दिवा मिणमिणताना दिसला. व्यापाऱ्याने त्या दिव्याला हात जोडले आणि वाचलो तर इथे देऊळ बांधीन असा नवस बोलला. तो वाचला. देऊळ उभं राहिलं. पण परक्या देवाचं मंदिर बांधून आता आपल्या माणसांत कसं जायचं, म्हणून त्याने शिखरावरून उडी टाकली. देवळाजवळ त्याची समाधी दाखवतात.

ही दंतकथा आहे आणि मी ती दंतकथा म्हणूनच धरते. पण लहानपणी आजोळी ती ऐकताना मला व्यापाऱ्यापेक्षा दिव्याचं जास्त कुतूहल वाटायचं. त्या रात्री तो दिवा कोणी लावला होता? एवढ्या वाऱ्यात तो टिकला कसा? आणि त्यात जळत काय होतं?

हे प्रश्न पुन्हा वर आले ते मामेभावामुळे. दादाने दोन वर्षांपूर्वी कुणकेश्वरला घरालगत चार खोल्यांचा होमस्टे काढला. मी डिझाइन शिकलेली. त्यामुळे फर्मान आलं, "बाय, लायटी तूच कर. करट्यांचे कर. मुंबयवाल्यांका आवाडता."

करट्या म्हणजे नारळाच्या करवंट्या. टाकाऊतून टिकाऊ, पर्यावरणपूरक, शिवाय फोटोत छान दिसणारं. मी हौसेने कामाला लागले. ते दिवे कसे फसले ते पुढे सांगतेच. पण ते फसल्यावर मी आधी जे करायला हवं होतं ते केलं. या किनाऱ्यावर आजवर उजेड कशाकशातून काढला गेला, ते शोधायला लागले.

डोक्याक एक, दिव्याक एक

सुरुवात आजीपासून केली. तिला विचारलं, तुझ्या लहानपणी दिव्यात तेल कुठलं घालायचात? ती माझ्याकडे बघतच राहिली. "उंडीचा. दुसरा खयचा? खोबऱ्याचा त्याल डोक्याक, उंडीचा दिव्याक."

उंडी हे किनाऱ्याचं झाड. जाड चकचकीत पानं, पांढरी सुवासिक फुलं, गोट्यांसारखी गोल फळं. १८८० साली छापलेल्या रत्नागिरी-सावंतवाडीच्या गॅझेटिअरमध्ये या भागातल्या झाडांत उंडी आहे. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १९८१ मध्ये. तोवर हा सगळा मुलूख रत्नागिरीतच मोडायचा. उंडीचं लाकूड होड्यांना जायचं आणि बियांचं तेल दिव्यांना. हिरवट काळं, उग्र वासाचं, कडू. खाण्यासाठी निरुपयोगी, म्हणूनच जाळायला परवडणारं.

गंमत अशी की या बिया झाडावरून तोडाव्या लागत नाहीत. वटवाघळं रात्री फळाचा गर खातात आणि कठीण बी खाली टाकून देतात. सकाळी पोरांनी ती वेचायची, वाळवायची, फोडायची आणि गर घाण्यावर द्यायचा. म्हणजे वटवाघळाच्या उष्ट्यातून घरात उजेड यायचा. वात जुन्या लुगड्याची किंवा धोतराची. पणती जवळच्या कुंभाराची, फुटली की परत माती. आज आम्ही डिझाइनवाले 'चक्राकार अर्थव्यवस्था' म्हणून ज्याचे आराखडे काढतो, त्याला तेव्हा काहीच नाव नव्हतं. गरिबी म्हणायचे फार तर.

तेव्हा सगळं छान होतं असं मात्र नाही. उंडीच्या दिव्याला धूर फार आणि उजेड जेमतेम. आजी सांगते, माजघरात दिव्याखाली बसलं तर हातातलं तांदळाचं सूप दिसायचं, तांदळातला खडा दिसायचा नाही. त्यामुळे निवडणं, टिपणं, शिवणं हे सगळं दिवसा.

बाहेर पडायचं तर चूड. माडाची वाळलेली झावळी म्हणजे मालवणीतलं चुडत. त्याच्या पात्यांची जुडी करून बांधायची आणि एक टोक पेटवायचं. चूड नुसती धरून चालत नाही, चालता चालता हलवत राहावी लागते. हलवली की ठिणग्या उडतात आणि ज्वाळा वाढते, हात थांबला की ती निखाऱ्यावर येते. म्हणजे उजेड कमी-जास्त करायची सोय हातातच! दशावताराचा खेळ बघून रात्रीचे परतणारे लोक लांबच्या घाटीवरून चुडींच्या ओळीने ओळखू यायचे. घरी पोचल्यावर उरलेला तुकडा चुलीत. मागे उरायची ती राख, आणि तीही भांडी घासायला.

डब्याची गोष्ट

हे चित्र बदललं ते रॉकेलने. १८५३ मध्ये तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या ल्वूफ शहरात इग्नात्सी वुकासियेविच नावाच्या औषध बनवणाऱ्याने खनिज तेल शुद्ध करून त्याचा दिवा तयार केला. त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस तिथल्या इस्पितळात त्या उजेडात रात्रीची शस्त्रक्रिया झाली. १८५९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात तेलाची विहीर लागली आणि पुढच्या काही दशकांत हे तेल जगभर गेलं. आपल्याकडे त्याला दोन नावं मिळाली. 'रॉक ऑइल'चं झालं रॉकेल आणि 'गॅसलाइट'चं झालं घासलेट. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ मध्ये गॅसचे दिवे लागले होते. कोकणात गॅस आला नाही, त्याचं नाव तेवढं आलं आणि ते रॉकेलला चिकटलं.

तेल यायचं पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून. एका डब्यात चार गॅलन, म्हणजे साधारण अठरा लिटर. दोन डब्यांची एक लाकडी पेटी. आता यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट.

१८९२ च्या ऑगस्टमध्ये 'म्युरेक्स' नावाचं जहाज सुएझ कालव्यातून पार झालं. कालव्यातून गेलेलं ते पहिलं तेलवाहू टँकर. मालक होता लंडनचा मार्कस सॅम्युएल. डब्यांचा खर्च वाचवायचा, रशियन तेल टाक्यांतून सुटं आणायचं आणि अमेरिकन स्टँडर्ड ऑइलपेक्षा स्वस्त विकायचं, असा त्याचा बेत. गिऱ्हाईक आपापली भांडी घेऊन येईल, हे त्याने गृहीत धरलं होतं. पण आशियातली गिऱ्हाइकं येईनात. कारण लोकांना नुसतं तेल नको होतं, त्यांना डबा हवा होता! स्टँडर्ड ऑइलच्या निळ्या डब्यांतून छपरं व्हायची, बादल्या व्हायच्या, घमेली व्हायची. डब्याशिवाय तेल म्हणजे अर्धाच सौदा. शेवटी सॅम्युएलला पत्रा मागवून, इकडेच कारखाने काढून लाल डबे बनवावे लागले. याच सॅम्युएलची कंपनी पुढे 'शेल' झाली. बापाचा धंदा शिंपल्यांच्या शोभेच्या डब्यांचा होता, नाव तिथूनच आलं. भारतातली बर्मा-शेल १९२८ ची. १९७६ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि तिचं भारत पेट्रोलियम झालं.

जगातल्या बलाढ्य तेलसम्राटाला आशियातल्या भंगार जपणाऱ्या बायाबापड्यांनी धंदा बदलायला लावला, हे वाचून मला आमच्या आजोळच्या पडवीतला डबा आठवला. त्याला मधोमध लाकडाचा दांडा ठोकलेला होता. विहिरीचं पाणी त्यातून यायचं. आमच्यासाठी तो 'डबो', इतकंच.

याच पत्र्यातून दिवाही निघाला. औषधाची किंवा शाईची रिकामी बाटली, तिच्या बुचाला भोक, भोकात पत्र्याची छोटी नळी, नळीत चिंधीची वात. झाली चिमणी. ज्याला डाग देता येतो असा कोणीही कारागीर ती बाजाराच्या दिवशी समोर बसून करून द्यायचा. नळी गंजली तर नळी बदला, बाटली फुटली तर बाटली बदला. चिमणीला बिघाड असा नव्हताच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रॉकेलची टंचाई झाली, तेव्हा आजीच्या घरी पुन्हा उंडीच्या पणत्या निघाल्या. युद्ध संपलं, चिमण्या परत फळीवर.

पण चिमणीची दुसरी बाजू लपवून हा इतिहास सांगता येणार नाही. उघड्या वातीच्या दिव्यात जळणाऱ्या रॉकेलपैकी ७ ते ९ टक्के तेल काजळी होऊन हवेत जातं, असं २०१२ मधल्या एका अभ्यासात मोजलं गेलं. हे प्रमाण आधी समजलं जायचं त्याच्या कितीतरी पट निघालं. ती काजळी भिंतीवर दिसायची तशी छातीतही जायची. शिवाय चिमणी हलकी आणि उंच. मांजराचा धक्का, पोराचा पाय, वाऱ्याची झुळूक, आणि रॉकेल अंगावर. भाजलेल्या बायका आणि मुलं ही रॉकेलच्या काळाने दिलेली किंमत आहे.

श्रीलंकेतल्या विजया गोडाकुंबुरा या शल्यविशारदाने अशी माणसं आयुष्यभर तपासली. मग त्यांनी दिव्यालाच हात घातला. मार्माइट या खाद्यपदार्थाची बुटकी, जाड बाटली त्यांना सापडली. तिच्यावरून १९९२ मध्ये त्यांनी जाड काचेचा, वजनदार, स्क्रूच्या झाकणाचा दिवा तयार केला. त्याला दोन सपाट बाजू दिल्या, म्हणजे पडला तरी गडगडायचा नाही. १९९८ मध्ये त्यांना त्यासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. मला वाटतं, टाकाऊ वस्तूंपासून दिवे करणाऱ्या प्रत्येकाने ही बाटली टेबलावर ठेवावी. वस्तू कशापासून केली याआधी ती कोणाला भाजणार आहे, हे त्या डॉक्टरांनी विचारलं होतं.

छपरातला उजेड

रात्रीच्या उजेडाचा इतिहास सांगताना दिवसाचा राहून जातो. कोकणातलं घर दिवसाही काळोखं. उतरतं छप्पर, खाली आलेल्या वळचणी, छोट्या खिडक्या. पावसाने घराला तसंच घडवलंय. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. ही मंगलोरी कौलं पुढे किनाऱ्याने वर चढत कोकणभर पसरली. कौलं साच्यातली, एका मापाची, म्हणून त्यांच्या जोडीला त्याच मापाचं काचेचं कौलही बसवता आलं. माजघरात एक काचकौल असलं की दुपारचा उन्हाचा चौकोन जमिनीवरून सरकत जायचा आणि बाया त्यावर वेळ ओळखायच्या.

गोव्यातल्या जुन्या घरांत काचेच्या जागी शिंपल्याच्या पातळ, दुधी चकत्या लाकडी चौकटींत बसवलेल्या दिसतात. ऊन गाळून आत येतं, डोळ्यांना टोचत नाही. मला तो उजेड इतका आवडला की होमस्टेसाठी तसे शिंपले शोधायला मी निघाले होते. मग कळलं की ही शिंपल्याची जात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. 'नैसर्गिक' म्हणजे आपोआप 'पर्यावरणपूरक', हा माझा समज तिथे पहिल्यांदा हलला.

काचकौलाचा एक लांबचा भाऊ ब्राझीलमध्ये जन्मला. २००२ मध्ये वीज सारखी जाण्याला वैतागलेल्या आल्फ्रेडो मोझर या मेकॅनिकने दोन लिटरची प्लास्टिकची बाटली पाण्याने भरली, शेवाळ धरू नये म्हणून त्यात थोडं ब्लीच घातलं आणि ती छपराच्या भोकात अर्धी आत, अर्धी बाहेर बसवली. पाण्यात उन्हाचे किरण वळतात आणि खोलीभर पसरतात. ४० ते ६० वॉटच्या बल्बइतका उजेड, वीज शून्य. २०११ पासून फिलिपिन्समध्ये इलाक दियाझ यांच्या 'लिटर ऑफ लाइट' मोहिमेने अशा बाटल्या वस्त्यावस्त्यांत लावल्या. मोझरला यातून श्रीमंती आली नाही. त्याच्या बाटलीत मला आमची चिमणीच दिसते: साहित्य उकिरड्यावरचं, दुरुस्ती कोणालाही जमणारी.

उजेड स्वस्त झाला तेव्हा

मग वीज आली आणि बाकी सगळं फळीवर गेलं. पिवळा बल्ब, ट्यूब, सीएफएल. निळा एलईडी शोधणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची 'उजाला' योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब २०१६ मध्ये चाळीस रुपयांच्या आत आला. माणसाच्या इतिहासात उजेड इतका स्वस्त कधीच नव्हता.

स्वस्त झाल्यावर आपण त्याचं काय केलं, हे बघायला कुणकेश्वरच्या पुळणीवर रात्री उभं राहायचं. क्षितिजावर कधी कधी झगझगीत पांढरे ठिपके दिसतात. जनरेटर लावलेल्या बोटी पाण्यावर प्रखर एलईडी सोडतात. उजेडाला मासे गोळा होतात, पिल्लांसकट, आणि भोवतीने जाळं आवळलं जातं. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये या मासेमारीवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये आपला १९८१ चा सागरी मासेमारी कायदा सुधारून दंडाची रक्कम लाखांत नेली. तरी सिंधुदुर्गातले पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं याविरुद्ध आंदोलनं करत आलेत. रापण ओढायला पन्नासेक हात लागतात, आणि जाळ्यात काही आलं तर त्या सगळ्या हातांत वाटा जातो. समुद्रातच उजेड लावून मासे उचलले, तर किनाऱ्याला काय लागणार?

त्या दंतकथेतला दिवा किनाऱ्यावरून समुद्रातल्या माणसाला वाचवत होता. हा दिवा समुद्रातून किनाऱ्यावरच्या माणसाच्या ताटातलं काढून घेतो.

माझे बारा दिवे

आता माझ्या करट्या. मी बारा दिवे केले होते. करवंट्या घासून, तेल लावून, बारीक भोकं पाडून. सुतळी, आंब्याच्या जुन्या पेट्यांच्या फळ्या, सगळं टाकाऊ. आत नवे कोरे पांढरे एलईडी. सहा दिवे समुद्राकडच्या कुंपणावर. पाहुण्यांनी फोटो काढले, दादा खूश.

पहिल्याच पावसाळ्यानंतर सात बंद पडले. एलईडीचा कण शाबूत होता, पण त्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर खाऱ्या वाऱ्याने गेला होता. उघडून बदलावा म्हटलं तर सगळं गोंदाने सीलबंद. देवगडच्या दुरुस्तीवाल्याने ते हातात फिरवून परत दिलं. "ह्येका तोंडच नाय," तो म्हणाला. मी करवंटी वाचवली होती आणि तिच्या पोटात न उघडणारा ई-कचरा भरला होता. ज्याच्यावर मी 'रिसायकल्ड' अशी चिठ्ठी लावली, ते आजीच्या चिमणीच्या जवळपासही नव्हतं.

दुसरा धक्का कासवांनी दिला. ऑलिव्ह रिडले माद्या थंडीत कोकणच्या पुळणींवर अंडी घालतात. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने वेळासला त्यांच्या संरक्षणाचं काम उभं केलं. पुढे सिंधुदुर्गातल्या गावांतही लोक घरटी राखायला लागले. पिल्लं साधारण दीड-दोन महिन्यांनी वाळूतून वर येतात, बहुतेक रात्री, आणि सगळ्यात उजळ क्षितिजाकडे धावतात. लाखो वर्षं ते क्षितिज म्हणजे समुद्र होता. आता ते एखाद्या होमस्टेचं कुंपणही असू शकतं. त्यातही पांढरा-निळसर उजेड त्यांना जास्त ओढतो, तांबूस-पिवळा कमी. हे मी वाचलं तेव्हा माझे उरलेले पाच दिवे पुळणीकडे तोंड करून जळत होते.

आम्ही ते उतरवले. नवे दिवे करताना नियम बदलले. करवंटी उपडी, म्हणजे उजेड फक्त पायवाटेवर पडेल. बल्ब पिवळसर, कमी वॉटचा, साध्या होल्डरमध्ये फिरवून बसणारा, देवगडच्या कुठल्याही दुकानात मिळणारा. एकही जोड गोंदाचा नाही, सगळे स्क्रू. समुद्राकडच्या कुंपणावर काहीच नाही. बारांच्या जागी पाच. इथे मला वेंगुर्ल्याची आठवण होते. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथल्या नगरपरिषदेने कचरा घराघरातून वेगळा करून घेतला, डंपिंग ग्राउंडचं रूप पालटलं आणि ओल्या कचऱ्याच्या बायोगॅसपासून वीज काढली. तिथे कचऱ्याचं काही 'सुंदर' बनवायच्या आधी तो नीट हाताळला गेला. माझा क्रम नेमका उलटा झाला होता.

आजी नवे दिवे बघायला काठी टेकत अंगणात आली. दादा म्हणाला, आता काळोख वाटतो की काय गं? ती वाटेवरच्या पिवळ्या गोलाकडे बघत म्हणाली, "पाय दिसतत मां? मग झाला."

पुळणीकडे वळून पाहिलं तर आमच्या बाजूला अंधार होता आणि त्या अंधारात लाटांच्या पांढऱ्या रेघा स्वच्छ दिसत होत्या. पलीकडे देवळाचा उजेड. गलबतातून बघणाऱ्याला आज तो एवढ्या झगमगाटात वेगळा ओळखू आला असता का, मला सांगता येत नाही. आमच्या कुंपणाचा अडथळा तरी त्याला झाला नसता.